आधी बातमी, मग सभा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. चहा येईपर्यंतही थांबत नाही, नाहीतर तेवढ्यात माझी हिंमत जाईल.

पत्रकारितेत माणसं काय काय चुका करतात! कुणी नाव चुकवतं, कुणी गाव चुकवतं, एकानं तर चालत्याबोलत्या माणसाला श्रद्धांजली वाहिली होती, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन आभार मानायला आला. ते सगळं किरकोळ. मी सबंध सभाच चुकवली. म्हणजे सभेला गेलो नाही असं समजू नका. गेलो होतो ना! मी नसतो तर ती सभा झालीच नसती. घोटाळा सगळा तिथंच आहे.

लातूर तेव्हा नवा नवा जिल्हा झाला होता. उस्मानाबादपासून वेगळं बिऱ्हाड थाटलं होतं आमच्या लातूरनं. दुकानाच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' रंगवणं जोरात चाललेलं. पाट्या रंगवणाऱ्यांची चैन होती. बाकी कुणाची नव्हती, कारण दुष्काळ पडला होता. विहिरीत पोहरा सोडला की खणकन आवाज यायचा. आणि एवढं कमी होतं म्हणून की काय, वर निवडणूक!

मी निलंग्याचा तालुका बातमीदार. पेपर लातूरचा, चार पानी. जिल्हा झाला म्हणून साप्ताहिकाचं दैनिक झालेलं. आमचे संपादक नाना. तोंडात कायम पान, त्यामुळं नाना रागावलेत की नुसतंच बोलतायत हे कळायला वेळ लागायचा. ते मला म्हणाले होते, "सोनकांबळे, एवढी निवडणूक नीट काढ. मग लातूरच्या ऑफिसात तुला खुर्ची. पंख्याखालची!"

पंख्याखालची हो! निलंग्यात माझं ऑफिस म्हणजे सायकल दुकानासमोरचं बाकडं. उन्हाळ्यात त्याच्यावर भाकरी भाजून निघाली असती. त्या पंख्यासाठी मी काय वाटेल ते करायला तयार होतो, आणि केलंच शेवटी.

आता बातमी पाठवायची रीत सांगतो, त्याशिवाय तुम्हाला पुढचं कळायचं नाही. फोन म्हणजे ट्रंक कॉल, आणि तो लागेपर्यंत निवडणूक होऊन जायची. म्हणून बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि लातूरला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. लातूरच्या स्टँडवर आमचा माणूस पाकीट घ्यायचा. शेवटची गाडी गेली की बातमी दुसऱ्या दिवसावर.

आणि पुढाऱ्याची सभा कधी सुरू होते? शेवटची गाडी गेल्यावर! नेहमी. एसटी महामंडळ आणि पुढारी यांचं काही आपसात ठरलं होतं का, हे मी पुष्कळांना विचारून पाहिलं.

मग आम्ही तालुक्याचे बातमीदार काय करायचो? सभेची बातमी सभेआधीच लिहून टाकायचो. कानावर हात ठेवू नका, सगळेच करायचे. नानांनीच शिकवलं होतं. "अरे, पुढाऱ्याचं भाषण म्हणजे सत्यनारायणाची पोथी. अध्याय तेच, फक्त यजमान बदलतो. लिहून मोकळा हो."

मला तशी चौकशीची भारी खोड. मयताला गेलो तरी विचारतो, "कशानं गेले?" आणि उत्तर मिळालं की, "नक्की का?" पण पंख्याचं वारं डोक्यात गेलं की माणूस चौकशी विसरतो. त्या दिवशी माझं तेच झालं.

उमेदवार होते मन्मथअप्पा. निलंग्याचे आडत व्यापारी, कपाळाला भस्माचे पट्टे, माणूस देवभोळा. तुरीच्या भावावर बसवलं तर अप्पा सूर्य मावळेपर्यंत बोलतील, पण माइक समोर आला की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. म्हणून त्यांच्या प्रचाराला मुंबईहून एक बडे साहेब येणार होते. सभा उंबरवाडीत, लातूर रस्त्याच्या फाट्यालगतच्या माळावर.

मी दुपारीच पोचलो. आणि काय सांगू, माळ नुसता माणसांनी फुललेला! बायका रांगेनं उभ्या, प्रत्येकीच्या डोक्यावर चकचकीत घासलेली घागर. बैलगाड्या, त्यांच्यावर पिंपं. पोरंटोरं, म्हातारे, सगळं गाव लोटलेलं. मी म्हटलं, वा रे अप्पा! सुवासिनी कलश घेऊन साहेबांच्या स्वागताला उभ्या! हवा म्हणतात ती हीच.

झालं. बाभळीखाली बसलो, खाली कार्बन घातला आणि हाणली बातमी.

'सुवासिनींनी डोक्यावर मंगल कलश घेऊन साहेबांचे स्वागत केले. साहेबांना भलामोठा हार घालण्यात आला. टाळ्यांच्या कडकडाटात साहेबांनी विरोधकांचा खरपूस समाचार घेतला. उपस्थितांनी हात वर करून अप्पांना निवडून आणण्याची शपथ घेतली. अखेर तरुणांनी साहेबांना खांद्यावर उचलून घेतले.'

खांद्यावर उचलणं जरा जास्त झालं का, असं वाटलं होतं. पण म्हटलं, गर्दी बघता उचलतीलच.

तेवढ्यात शेवटची गाडी फाट्यावर आली. कंडक्टर खाजाभाई, आमचं पाकीट नेहमी तेच न्यायचे. मी पाकीट दिलं. त्यांनी माळाकडं पाहिलं, रिकाम्या स्टेजकडं पाहिलं.

"क्या जी पत्रकारसाब, सभा हो गई?"

"होईल की आता."

"होने के पैलेच खबर?"

"खाजाभाई, तुम्ही गाडी सुटायच्या आधी तिकिटं फाडता का नाही?"

"हौ, फाडतूं. पन गाडी तो सामने खडी रैती ना जी!"

असं म्हणून त्यांनी घंटी मारली. मीही हसलो. कंडक्टर माणूस, गंमत करणारच!

गाडी गेली आणि माझी खोड जागी झाली. काम झालं होतं, सवड होती, म्हटलं चला, चौकशी करू. रांगेत पहिल्या नंबरला एक बाई उभी होती. उन्हानं रापलेली, पदर खोचलेला, नजर थेट रस्त्यावर. ही गिरजाबाई. तिला मी अगदी अदबीनं विचारलं, "मावशी, साहेबांच्या स्वागताला आलात का?"

"कोन साहेब?"

"मुंबईचे. भाषणाला येणारेत ते."

"येऊ द्या की. आमी टँकरला आलाव."

"टँकर?"

"सकाळी जीप फिरली न्हवं का भोंगा लावून. माळावर या, टँकर येनार हाय म्हनली. तवापासनं हुबी हाय मी. तुमी काय करायलाव हितं?"

म्हणजे हे मंगल कलश नव्हते, नुसत्याच घागरी होत्या!

तरी मी मनाची समजूत घातली. टँकरला का होईना, माणसं तर आहेत. साहेब आले की ऐकतील. कलश काय, घागर काय, आकार तोच.

पण साहेबांच्या आधी टँकर आला. एकच टँकर. पुढं जे झालं त्याला मी रांग म्हणणार नाही. ज्यांना पाणी मिळालं ते सांडू नये म्हणून जपून पण झपाझप घरी गेले. ज्यांना नाही मिळालं ते अप्पांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गेले. धक्काबुक्कीत गिरजाबाई पहिल्या नंबरवरून पार शेवटाला गेली. तिची घागर कोरडी ती कोरडीच. जाताना तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच पाणी प्यालो.

माळावर आता कोण उरलं? अप्पा, माइकवाला, हाराची पाटी आणि तो हार खाऊ की नको अशा विचारात पडलेली एक शेळी. आणि मी.

त्यात जीप आली. साहेबांचा निरोप घेऊन. साहेब परस्पर नांदेडकडं गेले होते, तिकडं मोठी सभा होती. उंबरवाडी रद्द!

"बरं झालं बघा," अप्पा म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. "आता मला बोलायला नको. चला, गुंडाळा रे."

"गुंडाळा?" मी ओरडलोच. "अप्पा, गुंडाळू नका! सभा झालीय!"

"कवा?"

"मगाशी! म्हणजे उद्या पेपरात येणार आहे की झाली म्हणून!"

अप्पांनी माझ्याकडं अशा काळजीनं पाहिलं, जणू मला ऊनच लागलंय. मी सगळं सांगितलं. फोन करावा तर फोन पोस्टात, पोस्टाला कुलूप, आणि पोस्टमास्तर हंडा घेऊन टँकरच्या मागं. बातमी थांबवायला काही वाटच उरली नव्हती.

आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? शहाणा माणूस निलंग्याला जाऊन सकाळी काय होईल त्याची वाट बघत बसला असता. मला वेगळंच सुचलं. बातमी जर मागं घेता येत नाही, तर सभाच पुढं आणावी! दिवस मावळायच्या आत सभा झाली, की बातमी खरी. मग कोण माझा पंखा अडवतो?

"अप्पा, माणसं मी आणतो. तुम्ही फक्त माइक चालू ठेवा."

निघालो मी गावात. पहिलंच घर गिरजाबाईचं निघालं.

"मावशी, सभेला चला."

"मिळनार काय तितं?"

"विचार मिळतील, मावशी."

"मुका घ्या त्या विचारांचा!" असं म्हणून ती दार लोटायला लागली. घागर उंबऱ्याशी पालथी पडलेली. त्या घागरीकडं बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसरा टँकर येणार आहे!"

दार थांबलं.

"नक्की का?" तिनं विचारलं. माझाच प्रश्न, माझ्याच खोडीनं.

"नक्की."

"तुमी कोन?"

"मी... मी सभेचा माणूस."

पांढरा शर्ट, चष्मा, खांद्याला शबनम पिशवी. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि घागर उचलली. पुढं मला एका घरी जावं लागलं नाही. गिरजाबाईनं वेशीतून एक हाक दिली, "आगं, दुसरा टँकर यायलाय गं!" आणि गाव पुन्हा माळावर लोटलं. ज्यांना मिळालं होतं तेसुद्धा घरातली उरलीसुरली भांडी घेऊन आले. शेजारच्या तांड्यावरची माणसं आली. दुपारपेक्षा जास्त गर्दी!

अप्पा थक्क झाले. "सोनकांबळे, आमी कशाला, तुमीच हुबं ऱ्हायला पायजे व्हतं."

मग ते माइकसमोर गेले. "भावांनो... आन..." एवढं बोलले आणि थांबले. घाम पुसला. "तुरीचा भाव..." पुन्हा थांबले. आणि माइक सरळ माझ्या हातात दिला. "हे बोलतील!"

माइकवाला तरबेज होता. सभा म्हटल्यावर साहेब पाहिजेच, हे त्याला पाठ. त्यानं भोंग्यातून ललकारी दिली, "आता आपले लाडके, मुंबईचे साहेब, आपल्याला मार्गदर्शन करतील!"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं हो. देवाशप्पथ. पण बातमीत काय लिहिलं होतं? साहेब बोलले. मग साहेब बोलायला नकोत? आणि खरे साहेब कसे दिसतात हे गावात कुणाला माहीत! त्यांचा फोटो आमच्या पेपरात यायचा, पण आमच्या छपाईत ते साहेब आहेत की काळा ढग हे नानांनाही सांगता येत नसे.

मी खिशातून कार्बन कॉपी काढली आणि एकेक ओळ खरी करायला घेतली.

"आयाबहिणींनो, घागरी जरा डोक्यावर घ्या!" घेतल्या. कलशांचं काम झालं. हार? माइकवाल्यानं शेळीच्या तोंडातून ओढून माझ्या गळ्यात घातला. भलामोठा राहिला नव्हता, पण हार होता. विरोधकांचा खरपूस समाचार? घेतला. विरोधक कोण होते हे त्या घाईत मला आठवेना, म्हणून नाव न घेता घेतला. तसंही पुढारी नाव कुठं घेतात? शपथ? घागरी धरायला हात वर होतेच, त्यातच अप्पांना निवडून आणायची शपथ उरकली.

"आता टाळ्या!"

"टाळ्या वाजविल्या की टँकर येतो का?" गिरजाबाई खालून ओरडली.

"हो!" मी म्हटलं.

काय कडकडाट झाला म्हणता! घागरी, हंडे, पिंपं, सगळं वाजवलं लोकांनी.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. कॉपी संपली, पण मला थांबावंसं वाटेना. समोर ती सगळी तोंडं, डोक्यावर कोरडी भांडी. माझा आवाज आपोआप खाली आला. मी म्हटलं, "जिल्हा नवा झाला. पाट्या नव्या झाल्या. कचेरी नवी झाली. पण गावातला हापसा तोच जुना, आणि त्याच्यातून येतं ते वारंच! मग नवं काय झालं तुमचं?"

टाळ्या नाहीत, काही नाही. एक म्हातारा नुसता मान हलवत राहिला. खरं सांगतो, त्या घटकेला मी खुर्ची विसरलो, पंखा विसरलो. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलत होतो आणि माणसं ऐकत होती.

"पन टँकर कवा येनार?" गिरजाबाईच.

"उद्या!" मी म्हटलं. "माझा शब्द आहे!"

यावर पोरांनी मला खांद्यावर उचललं. लिहिलं होतं तस्संच. आणि उचलताना चष्मा पडला, तो कुणाच्या तरी पायाखाली गेला. तेवढंच बातमीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात पहिल्या पानावर उंबरवाडी. मी बाकड्यावर बसून तीनदा वाचली. शब्दन् शब्द खरा! अशी खरी बातमी मी जन्मात दिली नव्हती.

मग शेजारच्या दुकानात आमच्या स्पर्धक पेपरवर नजर गेली. पहिल्या पानावर साहेबांची नांदेडची विराट सभा. दिवस तोच, वेळ तीच.

एका वेळी दोन ठिकाणी हजर राहायला साहेब काय संतमहात्मे होते? मी अजून डोकं खाजवतोय तोवर सकाळची गाडी आली आणि तिच्यातून नाना उतरले. पान तोंडात नव्हतं. नाना पान न खाता आले म्हणजे समजून जा.

"चल उंबरवाडीला. मी आजवर दिलगिरी छापलेली नाही. सभा झाली का नाही, मी स्वतः विचारणार."

"झालीय नाना! गावाला विचारा!" मी म्हटलं. आणि खरंच होतं की ते! जाताना मला तशी धाकधूक कमीच होती.

उंबरवाडीच्या पारावर नानांनी पहिला दिसेल त्याला धरलं. "काल साहेब आले होते का?"

"आलते की!"

"खरंच?"

"लई बोलले. रडू आलं बायांना."

नानांचा चेहरा खुलला. त्यांनी खिशातून पान काढलं. माझ्याकडं बघून मान डोलवली. मला पंख्याचं वारं लागायला लागलं हो!

गिरजाबाई घागर घेऊन फाट्याकडं निघाली होती. नानांनी तिलाही थांबवलं. "बाई, काय बोलले साहेब?"

"जिल्हा नवा झाला, पाट्या नव्या झाल्या, हापसा जुनाच ऱ्हायला म्हनले. खरंच हाय न्हवं का?"

"वा!" नाना उडालेच. माझ्यावर खेकसले, "अरे गाढवा, इतकं चांगलं वाक्य बातमीत का नाही घेतलंस? यावर तर मी अग्रलेख लिहिला असता!" मग तिला म्हणाले, "आणि दिसायला कसे आहेत हो साहेब?"

गिरजाबाईनं नानांकडं असं पाहिलं, जणू ह्या माणसाला दिसतच नाही.

"आसं काय इचारायलाव? तुमच्या बाजूला हुबे हायेत की!"

मी पाराकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. ढगसुद्धा नव्हता.

नाना पान चावायचे थांबले. "हा? हा साहेब आहे?"

"टँकरचा शबूद देतो त्यो साहेबच असतो की," गिरजाबाई म्हणाली. "आन साहेब, टँकर कुठाय ओ? उद्या म्हनलाव न्हवं?"

मग सगळं सांगावं लागलं. पाकीट, कार्बन, शेळी, सगळं. पाराभोवती गाव जमलं. गिरजाबाई कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत होती. मला वाटलं, आता घागर डोक्यात घालते. पण तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हंजी तुमी आधी लिवलं सभा झाली, आन मग ती झाली?"

"हो, मावशी."

"कलश लिवले, ते बी झाले?"

"झाले."

"मग टँकर आला म्हनून लिवा की! उद्या टँकर बी येईल!"

एवढं हसलं ते गाव! नानांचं पान सदऱ्यावर सांडलं. पण गिरजाबाई हसत नव्हती हो. ती खरंच वाट बघत होती. लिहितो म्हणून सांगावं, असं तिच्या डोळ्यांत होतं. मला इतकी लाज कधीच वाटली नाही. सभा खोटी होती त्याची नव्हे, पाण्याचा शब्द खोटा होता त्याची.

नानांनीही तिच्याकडं पाहिलं आणि हसू आवरलं. मग मला म्हणाले, "टँकर तू कबूल केलास. आता टँकर आल्याची बातमी घेऊन ये, मग खुर्चीचं बोल. आणि या वेळी घडल्यावर लिही."

दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात आयुष्यातली पहिली चूकदुरुस्ती आली. 'उंबरवाडीच्या बातमीत जेथे जेथे साहेब असा उल्लेख आहे, तेथे तेथे आमचे वार्ताहर असे वाचावे.' लोकांनी तशी वाचली. आमच्या वार्ताहरांना खांद्यावर उचलून घेतले, आमच्या वार्ताहरांनी विरोधकांचा खरपूस समाचार घेतला! निलंग्याच्या बाजारात मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. अप्पा तेवढे खूष होते. "नाव तर गेलं पेपरात," म्हणाले.

मी टँकरच्या मागं लागलो. तहसीलमध्ये म्हणाले, कलेक्टर कचेरीत विचारा. नव्या कलेक्टर कचेरीत म्हणाले, उंबरवाडीची टंचाईची फाईल अजून उस्मानाबादहून यायचीय. गाव आमच्या जिल्ह्यात आलं होतं, त्याची तहान मागंच राहिली होती! मग मात्र माझी खोड कामी आली. का? कशाला? कधी? नक्की का? त्या कारकुनांना मी इतकं विचारलं, इतकं विचारलं, की मला घालवायचं म्हणून का होईना, फाईल आली आणि टँकर मंजूर झाला.

टँकर यायच्या दिवशी मी उंबरवाडीच्या माळावर सकाळपासून. रांगेत गिरजाबाई पहिली, तिच्या मागं मी. तिनंच उभं केलं होतं. "तुमी मागं ऱ्हा, म्हंजी मला कोन ढकलनार न्हाई." मी ठरवलं होतं, आधी काही लिहायचं नाही. कोरा कागद खिशात. सगळं घडू दे, मग बघू.

वाट बघता बघता दिवस कलला. आणि आला की हो टँकर! धुरळा दिसला मात्र, माळावर नुसता कालवा. मी तिच्या मागं उभा राहून दोन्ही हात पसरले, गिरजाबाईचा नंबर कुणाला घेऊ दिला नाही. पाइपमधून पाणी घागरीत पडलं तो आवाज! अजून कानात आहे माझ्या. मग मी हिचा हंडा भर, त्या म्हातारीची बादली धर, पिंपाला हात लाव, चिंब भिजलो. दुष्काळात भिजलो! इतका आनंद मला कधी झाला नव्हता. शेवटची घागर भरली ती गिरजाबाईची दुसरी. ती म्हणाली, "येक मी घेते, येक तुमी घ्या, साहेब." घेतली.

तेवढ्यात फाट्यावर हॉर्न वाजला. शेवटची गाडी! खाजाभाई दारात उभे राहून हात हलवत होते.

"पत्रकारसाब! नाना बोल्ले, आज पाकीट आया तो खुर्ची पक्की! लाव जल्दी!"

मी खिशात हात घातला. कोऱ्या कागदाचा भिजून लगदा झाला होता. एक अक्षर लिहिलं नव्हतं.

खाजाभाईंनी माळाकडं पाहिलं, टँकरकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"क्या जी, आज तो सच्ची में हुआ ना? फिर खबर किधर है?"

खिशात लगदा, अंगावर चिखल, आणि डोक्यावर, अगदी माझ्याच बातमीत लिहिला होता तसा, काठोकाठ भरलेला मंगल कलश!